मोजणाऱ्याकडे पाहणारी माणसे : वाचकांचे प्रश्न

डेटा मायनिंग (नोंदींच्या मोठ्या साठ्यातून उपयोगी संबंध शोधणे) आणि व्यूहात्मक वर्तन (समोरचा काय करील हे ओळखून वागणे) या विषयात मी गेली अनेक वर्षे संशोधन आणि अध्यापन करीत आहे. गेल्या अंकात मी त्याविषयी थोडक्यात लिहिले होते, आणि त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे विस्तृत असल्यामुळे त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. आम्हाला डेटा मायनिंग शिकवतात, गेम थिअरी मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना असते. हे दोन विषय एकाच माणसाच्या संशोधनात एकत्र कसे येतात?

उत्तर : हा प्रश्न तुम्हाला पडणे स्वाभाविक आहे, कारण हे दोन विषय वाढले ते वेगवेगळ्या घरांत. गेम थिअरीला, म्हणजे एकमेकांच्या चाली लक्षात घेऊन निर्णय कसे घेतले जातात याच्या गणिताला, भक्कम पाया मिळाला तो १९४४ मध्ये, जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या ग्रंथामुळे. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी समतोलाची, म्हणजे कोणालाही एकट्याने आपली चाल बदलून फायदा होणार नाही अशा स्थितीची, कल्पना मांडली. डेटा मायनिंग त्या मानाने अगदी अलीकडचे. ग्रेगरी पियाटेत्स्की-शापिरो यांनी १९८९ मध्ये या विषयावरची पहिली कार्यशाळा घेतली आणि १९९४ मध्ये राकेश अगरवाल व रामकृष्णन श्रीकांत यांनी 'अप्रायोरी' ही पद्धत प्रसिद्ध केली.

अप्रायोरीचे उदाहरण घेऊ, म्हणजे दोन्ही विषयांचा सांधा कुठे आहे ते दिसेल. एका ग्रंथालयात १०० पुस्तके आहेत आणि कोणती पुस्तके एकत्र नेली जातात हे आपल्याला शोधायचे आहे. १०० पुस्तकांच्या जोड्या ४,९५० होतात आणि तीन-तीन पुस्तकांचे गट १,६१,७०० होतात. ते सगळे मोजत बसणे शक्य नाही. अगरवाल आणि श्रीकांत यांनी एका साध्या गोष्टीचा उपयोग केला : एखादे पुस्तकच जर फारसे कोणी नेत नसेल, तर ते ज्या ज्या जोडीत आहे ती जोडीही फारशी नेली जाणार नाही. समजा, २० पुस्तकांनाच पुरेशी मागणी आहे. मग १९० जोड्या मोजल्या की काम होते. त्यांतील ज्या जोड्या टिकतील, त्यांच्यापासूनच तिघांचे गट तयार करायचे. मला ही पद्धत आजही अतिशय सुंदर वाटते आणि प्रत्येक वर्गात मी ती फळ्यावर हाताने करून दाखवतो.

आता त्या ग्रंथालयाने जाहीर केले, की जी पुस्तके वारंवार नेली जातात त्यांच्या जादा प्रती विकत घेतल्या जातील. त्या दिवसापासून नोंदवहीतील एका ओळीचा अर्थ बदलतो. काल ती ओळ 'या वाचकाला हे पुस्तक वाचायचे होते' असे सांगत होती. आज ती 'या वाचकाला हे पुस्तक वर यायला हवे आहे' असेही सांगत असेल. लेखकाचे मित्र पुस्तक नेतील, न वाचता परत करतील आणि पुन्हा नेतील. अप्रायोरी आपले काम चोख करील, पण तिने शोधलेला संबंध वाचनाचा नसेल. 'मायनिंग' हा शब्द येथे थोडी दिशाभूल करतो. खाणीतल्या धातुकाला आपल्याला कोणी खणते आहे हे कळत नाही. माणसाला कळते आणि तो त्याप्रमाणे आपली जागा बदलतो.

ही अडचण डेटा मायनिंगच्या भाषेत नेमकेपणाने मांडणारा एक महत्त्वाचा पेपर २००४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील नीलेश दळवी, पेद्रो डोमिंगोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला. त्यांच्यापुढचे उदाहरण स्पॅम ईमेलचे होते. गाळणी (फिल्टर) काही शब्दांवरून स्पॅम ओळखते, पाठवणारा ते शब्द बदलतो किंवा निरुपद्रवी शब्दांची भर घालतो आणि गाळणी पुन्हा मागे पडते. या लेखकांनी गाळणी आणि पाठवणारा यांना एका खेळातील दोन खेळाडू मानले : पाठवणाऱ्याला प्रत्येक बदलाचा काही खर्च येतो, आणि तो खर्च लक्षात घेऊन तो काय करील याचा अंदाज गाळणीने आधीच बांधावा. मी त्या पेपरचे वाचन विद्यार्थ्यांना सक्तीचे केले आहे, कारण त्यात विदा (डेटा) गोळा करणारा स्वतः पटावर येऊन बसतो. तुमचे दोन विषय एकत्र येतात ते तिथे.

प्रश्न : माणसाच्या मनातला डाव विदेत नोंदलेला नसतो. मग एखाद्याने डाव टाकला की त्याला तशी सवयच होती, हे नुसत्या नोंदींवरून कसे ठरवणार?

उत्तर : एका माणसाच्या एका नोंदीवरून ते ठरवता येत नाही आणि कोणी तसा दावा करीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र नियम बदलला की वर्तन बदलते का, हे पाहता येते. या विषयात मला सर्वात आवडणारा पुरावा आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये मांडला. त्या काळी ईबे आणि ॲमेझॉन या दोन्ही संकेतस्थळांवर लिलाव चालत. दोन्हीकडची पद्धत बरीचशी सारखी होती, पण शेवट वेगळा होता. ईबेवरचा लिलाव ठरलेल्या क्षणी बंद होई. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप वाढे आणि दहा मिनिटे शांततेत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे.

शेवटच्या क्षणी बोली लावणे ही निव्वळ दिरंगाई किंवा सवय असती, तर ती दोन्हीकडे सारखीच दिसायला हवी होती. ईबेवर मात्र अगदी अखेरच्या मिनिटांतील बोल्यांचे प्रमाण ॲमेझॉनपेक्षा कितीतरी जास्त आढळले. त्याहून बोलका भाग पुढचा आहे : बोली लावणारा जितका अनुभवी, तितका दोन संकेतस्थळांमधला हा फरक वाढत गेला. नवखे लोक दोन्हीकडे त्यातल्या त्यात सारखे वागत होते, मुरलेले लोक मात्र नियम ओळखून वागत होते. सवयीचे स्पष्टीकरण येथे टिकत नाही, कारण अनुभवाबरोबर फरक वाढतो याचा अर्थ माणसे शिकत आहेत.

मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो, की तुमच्याकडे कोट्यवधी नोंदी असल्या तरी नियमांची एकच चौकट असेल, तर डावपेचांविषयी तुम्हाला फार थोडे कळेल. दोन वेगळे नियम आणि तुलनेने थोड्या नोंदी हाती आल्या, तरी त्यांचे मोल अधिक आहे. अशा जागा शोधण्यात आमच्या कामाचा मोठा भाग जातो आणि त्या संगणकावर बसून सापडत नाहीत. नियमावली वाचावी लागते, ती कधी बदलली ते विचारावे लागते आणि ज्यांना ती पाळावी लागते त्यांच्याशी बोलावे लागते.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.च्या कामात मी एका कंपनीसाठी गैरव्यवहार ओळखणारे मॉडेल तयार केले. जुन्या विदेवर ते उत्तम चालले, पण प्रत्यक्ष वापरात आल्यावर काही महिन्यांतच त्याची अचूकता घसरली. माझे मार्गदर्शक आणखी विदा गोळा करायला सांगतात. मी खचून गेलो आहे. काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझी उमेदीची वर्षे आठवली. मी एका संकेतस्थळासाठी खोटे अभिप्राय ओळखणारे मॉडेल केले होते आणि त्याचे नशीब तुमच्यासारखेच झाले. मीही आधी विदाच वाढवली. त्याने परिस्थिती आणखी बिघडली, कारण जुन्या नोंदींची संख्या इतकी मोठी होती की नव्या वर्तनाचा आवाज त्यात दबून गेला.

उलगडा झाला तो एका साध्या आलेखातून. माझे मॉडेल खात्याच्या वयाला फार महत्त्व देत होते : तीस दिवसांपेक्षा नव्या खात्यावरून आलेला अभिप्राय ते संशयास्पद मानत असे. मी खात्यांच्या वयाचा स्तंभालेख काढला, आधी मॉडेल लागू होण्यापूर्वीचा आणि मग नंतरचा. पहिला आलेख सावकाश उतरत गेलेला होता. दुसऱ्यात तिसाव्या दिवसाच्या अलीकडे खळगा पडला होता आणि पलीकडे लगेच एक उंचवटा उभा राहिला होता. मर्यादा कोणी जाहीर केली नव्हती. अभिप्राय नाकारले जात आहेत हे पाहून लोकांनी ती चाचपून काढली होती. खाती उघडून ती महिनाभर तशीच ठेवली जात होती. त्या उंचवट्याकडे मी किती तरी वेळ पाहत बसलो होतो, आणि पुढील अनेक वर्षांचा माझा विषय त्या संध्याकाळी ठरला.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मॉडेलच्या मर्यादेच्या दोन्ही बाजूंना काय घडले आहे ते पाहा. मर्यादेपाशी असा गठ्ठा जमला आहे का, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय चाचणी जस्टिन मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये दिली आहे. गठ्ठा नसेल, तर कारण वेगळेही असू शकते : ग्राहकवर्ग बदलला असेल, नोंदी ठेवण्याची पद्धत बदलली असेल. प्रत्येक घसरणीमागे कोणाचा तरी डाव असतो असे मानणे ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे आणि मीही ती केली आहे.

गठ्ठा दिसला, तर मात्र प्रश्न बदलतो. मॉरित्झ हार्ट, निम्रोद मेगिदो, क्रिस्तोस पापादिमित्रिऊ आणि मेरी वूटर्स यांनी २०१६ मध्ये 'व्यूहात्मक वर्गीकरण' या नावाने तो मांडला. समजा, एका परीक्षेत ६० गुणांना उत्तीर्ण करायचे आहे आणि ज्ञानात काहीही भर न घालणाऱ्या वरवरच्या तयारीने कोणालाही आपले गुण जास्तीत जास्त १० ने वाढवता येतात. खरी योग्यता ५० असणारेही मग उत्तीर्ण होतील. संस्थेने हे आधीच ओळखून मर्यादा ७० केली, तर खरी योग्यता ६० आणि त्यावर असणारेच पार होतील आणि कागदावर निकाल अगदी बिनचूक दिसेल.

येथे थांबू नका. ज्याची खरी योग्यता ६२ आहे त्याला आता हक्काची जागा टिकवण्यासाठीसुद्धा ती वरवरची तयारी करावी लागते आणि ज्याच्याजवळ तेवढा वेळ किंवा पैसा नाही तो बाहेर राहतो. स्मिथा मिल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या सामाजिक किमतीचा हिशेब मांडला. त्याच वर्षी लिली हू, निकोल इमॉर्लिका आणि जेनिफर वॉर्टमन वॉन यांनी ही किंमत वेगवेगळ्या गटांवर असमान कशी पडते ते दाखवले. मॉडेल अधिक कठोर करण्यापूर्वी तुम्ही हे दोन्ही पेपर वाचावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

त्यानंतर मॉडेलमधील एकेक घटक घेऊन विचारा, की माणसाने हा घटक बदलला तर त्याचे मूळ वर्तनही बदलते की नुसता आकडा बदलतो? खात्याचे वय वाढवल्याने कोणी प्रामाणिक होत नाही. जे घटक बदलण्यासाठी खरोखर चांगले वागावे लागते, त्यांच्यावर भर द्या. अचूकता सुरुवातीला थोडी कमी दिसेल, पण ती टिकेल. आणि तुमचे मॉडेल अपयशी ठरल्याची नोंद प्रबंधात नीट, आलेखांसह घाला. तो तुमच्या कामाचा सर्वात मौल्यवान भाग ठरू शकतो.

प्रश्न : या विषयात पीएच.डी. करायची असेल, तर प्रवेश संगणकशास्त्र विभागात घ्यावा की अर्थशास्त्रात? पुढे प्राध्यापक म्हणून टिकाव लागतो का?

उत्तर : विभागापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, हे उत्तर तुम्ही ऐकले असेल आणि ते बरोबरच आहे. तरी दोन विभागांच्या चालीरीतींमधला फरक आधी ठाऊक असावा. संगणकशास्त्रात परिषदेतला पेपर हेच मुख्य प्रकाशन असते. आमच्यासाठी केडीडी (डेटा मायनिंगची) आणि ईसी (अर्थशास्त्र व संगणन यांची) या परिषदा महत्त्वाच्या आहेत आणि पेपर स्वीकारला की नाही हे काही महिन्यांत कळते. अर्थशास्त्रात नियतकालिकाला महत्त्व असते आणि एकच लेख समीक्षा व दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत दोन-तीन वर्षे फिरू शकतो. एका विभागात बसून दुसऱ्या विभागाच्या पद्धतीने लिहिणाऱ्याची नेमणुकीच्या वेळी अडचण होते, कारण निवड समितीला त्याचे काम कोणत्या मापाने मोजावे ते समजत नाही. सुरुवातीची पाच-सात वर्षे एका घराची रीत पूर्ण पाळावी आणि दुसऱ्या घरी सहलेखक शोधावा, असे माझे मत आहे.

टिकाव लागतो. पण विदा मिळवणे हा या कारकिर्दीतला खरा कष्टाचा भाग आहे. चांगली विदा बहुधा कंपन्यांकडे असते आणि ती देताना निष्कर्ष छापण्यावर अटी घातल्या जातात. करारावर सही करण्यापूर्वी, नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करता येतील असे कलम त्यात आहे का, ते पाहावे. हे कलम नसल्यामुळे माझे दोन वर्षांचे एक काम आजही कपाटात आहे आणि त्याची खंत मला वाटते.

प्रश्न : गणित किती लागते?

उत्तर : संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि इष्टतमीकरण (ऑप्टिमायझेशन) यांवर पकड हवी. गेम थिअरीचे गणित त्यानंतर आपोआप सोपे वाटू लागते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. तुमचे क्षेत्र म्हणजे माणसांवर पाळत ठेवणे आहे, असे मला वाटते. लोक खोटी माहिती भरतात ते स्वतःच्या बचावासाठी. त्यांना तुम्ही डावपेच करणारे का म्हणता?

उत्तर : तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो आणि त्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. 'व्यूहात्मक' या शब्दात आम्ही दोष धरत नाही. आपली खासगी बाब नको त्या हाती पडू नये म्हणून फॉर्मवर चुकीचे वय लिहिणारा माणूस आमच्या दृष्टीने समजूतदार खेळाडू आहे. त्याला पकडावे की त्याच्यावर खोटे लिहिण्याची वेळ येणार नाही अशी रचना करावी, याची निवड आमच्या हातात असते, आणि या क्षेत्रातले मला सर्वात आदरणीय वाटणारे काम दुसऱ्या प्रकारचे आहे.

त्याची सुरुवात संगणकाशिवाय झाली. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक युक्ती सुचवली, तिचे एक सोपे रूप असे आहे. नाजूक प्रश्न विचारताना उत्तर देणाऱ्याने एकांतात नाणे उडवावे. छापा पडला तर खरे उत्तर द्यावे, काटा पडला तर काहीही असले तरी 'होय' म्हणावे. समजा, १,००० जणांपैकी ६०० जणांनी 'होय' म्हटले. त्यांतले सुमारे ५०० नाण्यामुळे आलेले. उरलेले १०० हे खरे उत्तर देणाऱ्या सुमारे ५०० जणांमधले, म्हणजे प्रमाण साधारण २० टक्के. एकूण प्रमाण कळले, पण कोणा एकाचे 'होय' कशामुळे आले हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे खरे बोलण्यात जोखीम फार कमी होते. सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कॉबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी २००६ मध्ये मांडलेली 'डिफरन्शियल प्रायव्हसी' ही व्याख्या याच जातकुळीतली आहे, आणि एका माणसाच्या असण्या-नसण्याने निष्कर्षात किती फरक पडू शकतो याला ती गणिती मर्यादा घालते.

पाळत ठेवण्यासाठी या ज्ञानाचा उपयोग होतो, हेही खरे आहे. तसा उपयोग करणाऱ्या प्रकल्पांना मी नकार दिला आहे आणि विद्यार्थ्यांनीही तो द्यावा असे मला वाटते.

प्रश्न : मी एका संस्थेत शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करते. निकष जाहीर केले की अर्ज त्या निकषांसाठीच रचलेले येतात. लपवले तर अर्जदारांवर अन्याय होतो. तुमचे शास्त्र यावर काही सांगते का?

उत्तर : सांगते, आणि ते सुरक्षेच्या क्षेत्रातून आले आहे. मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक प्रणाली २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वापरात आली. विमानतळाकडे येणाऱ्या रस्त्यांवर तपासणी नाके कधी आणि कुठे लावायचे हे ती ठरवत असे. हल्लेखोर पाहणी करून पहाऱ्याची पद्धत ओळखणारच, हे गृहीत धरूनच तिची आखणी होती.

लहान आकड्यांत पाहू. दोन दरवाजे आहेत आणि पहारेकरी एकच. पहिल्या दरवाजातून घुसखोराला ३ चा लाभ होतो, दुसऱ्यातून १ चा. पहारा असेल तर काहीच नाही. पहारेकरी नेहमी पहिल्यावर उभा राहिला, तर घुसखोर दुसऱ्यातून १ मिळवतो. दोन्हीकडे निम्मे-निम्मे दिवस दिले, तर तो पहिल्यातून सरासरी १.५ मिळवतो. पहारेकरी चारपैकी सरासरी तीन दिवस पहिल्यावर आणि एक दिवस दुसऱ्यावर राहिला आणि कोणत्या दिवशी कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवले, तर घुसखोराला कुठूनही सरासरी ०.७५ पेक्षा अधिक मिळत नाही. हे 'चारपैकी तीन' त्याला आधीच सांगितले तरी आकडा बदलत नाही.

तुमच्या छाननीत निकष संपूर्ण जाहीर करावेत, कारण ते लपवल्याने ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच ते कळतात. पडताळणी मात्र अर्जागणिक बदलावी. ज्या बाबी खोट्या भरणे सोपे आहे आणि ज्यांवर गुण जास्त आहेत, त्यांची प्रत्यक्ष तपासणी अधिक अर्जांत करावी, उरलेल्यांची थोड्या अर्जांत. कोणत्या बाबीची किती टक्के अर्जांत तपासणी होईल, हेही सूचनापत्रकात छापावे. नेमके कोणते अर्ज तपासायचे, त्याच्या चिठ्ठ्या अर्जांची मुदत संपल्यानंतर काढाव्यात, म्हणजे ते आधी तुमच्या कार्यालयातही कोणाला ठाऊक नसेल.